मॅक्सिमोचे रूल आणि कंट्रोल: इंटिग्रेशनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

इंटिग्रेशन टीममध्ये, म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणाऱ्यांत, नवीन आलेल्याला पहिल्या काही दिवसांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "कोड नंतर बघू, आधी रूलने होतंय का ते बघ." बरेच जण हे ऐकून हिरमुसतात. जावा, पायथन शिकून आलेलं असतं आणि हातात येतं काय, तर स्क्रीनवरचे रकाने भरायचं काम. मी हे रकाने बरीच वर्षं भरतेय. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितेय. उदाहरणं आयबीएमच्या मॅक्सिमोची आहेत, कारण माझं रोजचं काम त्यावर चालतं. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर असाल तर नावं वेगळी दिसतील, पण डोकं लावायच्या जागा बहुधा याच असतील.

मॅक्सिमो हे यंत्रसामग्री, तिची देखभाल, सुटे भाग आणि त्यांची खरेदी सांभाळणारं सॉफ्टवेअर. मूळचं एमआरओ सॉफ्टवेअर या कंपनीचं, 2006 मध्ये आयबीएमने ती कंपनी विकत घेतली. कुठल्याही मोठ्या संस्थेत हे एकटं नांदत नाही. पैशांचा हिशेब सॅप किंवा ओरॅकलच्या ईआरपीमध्ये, म्हणजे सगळ्या संस्थेचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. म्हणजे पर्चेस ऑर्डर (पीओ) इथे तयार होते, बिल तिकडे चुकतं होतं, आणि दोघांमध्ये एक्सएमएल किंवा जेसन या ठरावीक मांडणीतले मेसेज ये-जा करतात. आपलं काम त्या मेसेजना वळण लावायचं.

साखळी थोडक्यात अशी. कुठल्या टेबलमधली कोणती फील्ड मेसेजमध्ये जाणार हे ऑब्जेक्ट स्ट्रक्चर ठरवतं. बाहेर जाणाऱ्या मेसेजसाठी पब्लिश चॅनल, आत येणाऱ्यासाठी एंटरप्राइज सर्व्हिस. पलीकडची प्रणाली म्हणजे एक्स्टर्नल सिस्टिम, आणि मेसेज कुठे, कसा पोहोचवायचा ते एंड पॉइंट सांगतो. मेसेज अडवणारे किंवा बदलणारे नियम, म्हणजे प्रोसेसिंग रूल, लागतात ते फक्त पब्लिश चॅनल आणि एंटरप्राइज सर्व्हिसवर. हे आत्ताच लिहून ठेवा. पलीकडच्या टीमने सोय म्हणून थेट ऑब्जेक्ट स्ट्रक्चरच्या आरईएसटी (वेबवरून डेटा देण्याघेण्याच्या) पत्त्यावर डेटा ढकलायला सुरुवात केली, की तुमचे सगळे रूल बाजूला राहतात आणि "रूल चालतच नाही" अशी तक्रार तुमच्या नावावर येते.

आता रूल आणि कंट्रोल यांतला फरक. रूल म्हणजे "असं असेल तर असं कर". कंट्रोल म्हणजे त्या "असं"मधली किंमत बाहेर काढून ठेवायची जागा. कंट्रोलचे प्रकार चार. हो-नाही सांगणारा बूलियन, एकच किंमत धरणारा व्हॅल्यू, अनेक किमतींची यादी ठेवणारा लिस्ट, आणि आपला कोड व त्यांचा कोड यांची जोडी लावणारा क्रॉस-रेफरन्स. कंट्रोल एकदा बनवायचा आणि त्याची किंमत मात्र प्रत्येक एक्स्टर्नल सिस्टिमसाठी वेगळी भरायची. शिवाय ऑर्गनायझेशन (कंपनी) आणि साइट (तिचं एखादं ठिकाण) या पातळ्यांवर ती बदलताही येते. एका साइटला मंजूर झालेली ऑर्डरच पाठवायची आहे, दुसरीला रद्द झालेलीही पाठवायची आहे, तर रूल एकच राहतो, यादी बदलते.

नवखा माणूस रूलमध्येच स्टेटस टाइप करून मोकळा होतो. चालतंही. मग तिसऱ्या महिन्यात धंद्याची मंडळी म्हणतात, "आम्हाला अजून एक स्टेटस हवा," आणि रूल उघडावा लागतो, पुन्हा टेस्टिंग, पुन्हा मंजुरी. यादी कंट्रोलमध्ये असती तर एक ओळ वाढवून काम झालं असतं. माझा साधा नियम असा: जी किंमत धंद्याचा माणूस बदलू शकतो ती रूलमध्ये लिहायची नाही.

एक उदाहरण नीट उलगडून सांगते, कारण या कामाचं निम्मं शहाणपण त्यात आहे. हिशेब विभागाकडून फोन येतो:

"मॅडम, एकच पीओ आमच्याकडे चार-चार वेळा का येतेय?"

"मंजूर झाल्यावर तुमच्याकडच्या कोणी त्यात काही बदललं का, सर?"

"नाही हो. फक्त माल आला तसा गोडाऊनवाल्यांनी घेतला."

उत्तर शेवटच्या वाक्यात आहे. माल स्वीकारला की पीओच्या मुख्य रेकॉर्डवरचं रिसीट्स हे फील्ड बदलतं: काहीच आलेलं नाही, काही आलं, सगळं आलं. रेकॉर्ड सेव्ह झालं की रेकॉर्डवर लक्ष ठेवणारा पब्लिश चॅनलचा इव्हेंट लिसनर जागा होतो. त्याला काय बदललं याच्याशी देणंघेणं नाही, बदललं एवढं त्याला पुरतं. पीओ अजूनही मंजूर स्टेटसलाच आहे, म्हणून "मंजूर असेल तरच पाठव" हा रूल तिला आनंदाने सोडतो. म्हणजे अट अपुरी आहे. हवंय ते असं: स्टेटस यादीत असेल, आणि तो याच वेळी बदललेला असेल, तरच पाठव.

मॅक्सिमोमध्ये हे तपासता येतं. बाहेर जाणाऱ्या एक्सएमएलमध्ये बदललेल्या फील्डच्या टॅगवर, म्हणजे फील्डचं नाव सांगणाऱ्या खुणेवर, "चेंज्ड" हा ॲट्रिब्यूट (खुणेला जोडलेली जादा माहिती) 1 असतो, आणि रूलच्या अटीत "बदललं असेल तर", "बदललं नसेल तर" असं निवडता येतं. पण खरी गोम पुढे आहे. आपल्याकडे "पाठव" अशी कृती नसते, "स्किप कर" अशी असते. म्हणजे वाक्य उलटं करावं लागतं. "यादीत आहे आणि बदललंय" याचं उलट "यादीत नाही किंवा बदललेलं नाही" असं होतं. "आणि"चं "किंवा" होतं. शाळेतलं तर्कशास्त्र आपण परीक्षा झाल्यावर विसरतो, ते इथे कामाला येतं.

रूलची रचनाही लक्षात घ्या. एका कंडिशनमध्ये अनेक इव्हॅल्युएशन, म्हणजे तपासण्या, घातली तर ती सगळी खरी ठरावी लागतात. अनेक कंडिशन असतील तर त्यांतली एक खरी ठरली तरी रूल लागू होतो. म्हणून आपल्या स्किप रूलमध्ये दोन वेगळ्या कंडिशन हव्यात आणि प्रत्येकीत एकेक इव्हॅल्युएशन. दोन्ही एकाच कंडिशनमध्ये कोंबली तर अर्थ होतो: यादीत नसेल आणि बदललंही नसेल, तरच थांबव. मग मालाची नोंद झालेली मंजूर पीओ पुन्हा निसटते, कारण ती यादीत आहे. वर मंजुरीच्या वाटेवर असलेली कच्ची पीओही जाते, कारण तिचा स्टेटस नुकताच बदललाय. स्क्रीनवर दोन्ही मांडण्या जवळजवळ सारख्या दिसतात. कागदावर चार ओळींचा तक्ता काढा, यादीत आहे-नाही, बदललं-नाही, आणि प्रत्येक ओळीपुढे काय व्हायला हवं ते लिहा. मी अजूनही काढते.

पीओची दुरुस्ती काढली तर तिची नवी रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) मंजूर होते, स्टेटस पुन्हा बदलतो आणि मेसेज पुन्हा जातो. तो जायलाच हवा. पलीकडच्यांना रिव्हिजन क्रमांक वाचायला सांगून ठेवा, नाहीतर त्यालाही ते "डबल आली" म्हणतील.

स्किप आणि स्टॉप या दोन कृती सारख्या वाटतात, पण परिणाम फार वेगळे आहेत. स्किप म्हणजे मेसेज गुपचूप सोडून देणं. बाहेर जाताना रेकॉर्ड नीट सेव्ह होतं, फक्त निरोप जात नाही. आत येताना मेसेज रांगेतून काढला जातो आणि कोणाला काही कळत नाही. स्टॉप म्हणजे एरर. आत येणाऱ्या मेसेजला स्टॉप लागला तर तो एरर म्हणून अडकून पडतो आणि कोणीतरी मेसेज रीप्रोसेसिंगच्या स्क्रीनवर जाऊन त्याचा निकाल लावेपर्यंत तिथेच राहतो. बाहेर जाताना तर सेव्ह करणाऱ्याच्याच स्क्रीनवर एरर येतो आणि त्याचं सेव्ह मागे फिरतं. विचार करा, बिचारा स्टोअरकीपर माल नोंदवतोय आणि त्याला "अमुक कोडचा क्रॉस-रेफरन्स सापडला नाही" असं इंग्रजीत दिसतंय. त्याने काय करायचं? म्हणून कृती निवडण्याआधी विचारा: हे अडलं तर ते कोणाला कळायला हवं, आणि त्या माणसाच्या हातात दुरुस्ती आहे का? कोणालाच कळायला नको असेल तर स्किप. दुरुस्त करू शकणाऱ्याला कळणार असेल तरच स्टॉप.

इथेच रांगांची ओळख करून घ्या. आत येणाऱ्या मेसेजसाठी दोन तऱ्हेच्या रांगा असतात. सीक्वेन्शियल रांगेत क्रम पाळला जातो, त्यामुळे पुढचा मेसेज अडकला की मागचे सगळे थांबतात. कंटिन्युअस रांगेत क्रमाची हमी नाही, पण एकाच्या चुकीची शिक्षा बाकीच्यांना होत नाही. सीक्वेन्शियल रांगेवरच्या एंटरप्राइज सर्व्हिसला स्टॉप रूल लावणार असाल तर सकाळी पहिलं काम रांग बघायचं, हे गृहीत धरा.

क्रॉस-रेफरन्सबद्दल दोन गोष्टी. त्यांचा मोजमापाचा कोड वेगळा, आपला वेगळा. त्यांची कंपनी म्हणजे आपली ऑर्गनायझेशन. अशी कामं याने सुटतात. बाहेर जाताना आपली किंमत त्यांची होते, आत येताना उलट. पण दोन आपले कोड त्यांच्या एकाच कोडला जोडले असतील तर परतीच्या वाटेवर कुठला घ्यायचा? ही जोडी भरणाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही, तुम्ही विचारा. आणि जिथे एका मेसेजच्या अनेक प्रती मुद्दामच हव्यात, म्हणजे त्यांच्याकडून आलेली एक नोंद आपल्या पाच साइटना लागू करायची आहे, तिथे एंटरप्राइज सर्व्हिसवर मल्टिप्लिकेशन कंट्रोल म्हणून क्रॉस-रेफरन्सच वापरतात. फार कामाची सोय आहे आणि फार कमी लोकांना माहीत असते.

बाकीचे रूल मेसेजमधल्या किमती बदलतात: फील्ड भरणं, दोन जोडणं, एकाचे तुकडे करणं, एका किमतीच्या जागी दुसरी घालणं. त्यात अवघड काही नाही, फक्त क्रम सांभाळा. रूल क्रमांकाने चालतात आणि आधीच्याने बदललेली किंमत पुढच्याच्या हाती येते. स्किपचे रूल वर ठेवावेत हे माझं मत, ज्याला जायचंच नाही त्याचे केस विंचरण्यात अर्थ नाही.

अट मेसेजमधल्या फील्डवर लावता येते, कंट्रोलवर लावता येते आणि मेसेजमध्ये नसलेल्या, डेटाबेसमधल्या रेकॉर्डवरही लावता येते. शेवटचा प्रकार मोहात पाडतो. तो जपून वापरा. प्रत्येक मेसेजमागे डेटाबेसची एक खेप वाढते, आणि महिनाअखेरीला बिलांचे लोंढे येतात तेव्हा ती जाणवते.

टेस्टिंगसाठी पलीकडच्या टीमची वाट बघत बसू नका. टेस्टच्या एक्स्टर्नल सिस्टिमला एक्सएमएल फाइलचा एंड पॉइंट लावा. मेसेज सर्व्हरवरच्या ग्लोबल डिरेक्टरीत फाइल होऊन पडतो, तो उघडा आणि टॅग न् टॅग वाचा. स्टेटसच्या टॅगवर "मॅक्सव्हॅल्यू" नावाचा ॲट्रिब्यूट दिसेल. त्यात मॅक्सिमोची अंतर्गत किंमत असते, आणि टॅगच्या आत तुमच्या संस्थेने ठेवलेला समानार्थी शब्द. रूल यांपैकी कशावर चालतोय हे फाइल समोर ठेवूनच ठरवा. मेसेज आलाच नाही तर क्रमाने बघा: एक्स्टर्नल सिस्टिम चालू आहे का, तिच्यावर ते चॅनल चालू आहे का, इव्हेंट लिसनर चालू आहे का, आणि मग रूल. निम्म्या वेळा रूलपर्यंत जायची पाळी येत नाही. आलीच तर इंटिग्रेशनचा लॉगर (घडामोडींची नोंद ठेवणारा) जास्त तपशील लिहिणाऱ्या डीबग पातळीवर करा, आणि काम झालं की परत खाली आणा. जुना साठा डेटा एक्सपोर्टने एकगठ्ठा पाठवायचा असेल तर "बदललं असेल तर" असलेल्या रूलची त्या वाटेने वेगळी चाचणी घ्या. तिथे रेकॉर्ड कोणी बदललेलं नसतं.

मग स्क्रिप्ट कधी? ऑटोमेशन स्क्रिप्ट, म्हणजे मॅक्सिमोच्या आतच चालणारा छोटा कोड, आल्यापासून तरुण मंडळी सगळं पायथनमध्ये लिहायला धावतात. ओळींवर फिरून बेरीज करायची आहे, बाहेरच्या सेवेला विचारून ठरवायचं आहे, तर खुशाल लिहा. पण तीन अटींचा स्किप स्क्रिप्टमध्ये दडवला तर पुढच्या माणसाला तो रूलच्या स्क्रीनवर दिसत नाही, आणि तो आधी तिथेच शोधतो.

मुलाखतीला जाणार असाल तर व्याख्या पाठ करू नका. माझ्यासमोर उमेदवार बसला की मी वरचाच पीओचा किस्सा सांगते आणि कागद पुढे करते. जो आधी "माल घेतल्यावर पीओवर काय बदलतं?" असं विचारतो त्याच्याशी पुढे बोलायला मजा येते. खरेदीची साखळी, म्हणजे मागणी, ऑर्डर, माल, बिल, ही एखाद्या खरेदी विभागात दोन दिवस बसून समजून घेतलीत तर एक्सएमएलच्या कोर्सपेक्षा जास्त उपयोग होईल. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, मात्र यायलाच हवं.

शेवटी हस्तांतराचं. टेस्टवरून प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या कामाच्या प्रणालीवर, नेताना मायग्रेशन मॅनेजरच्या पॅकेजमधून रूल-कंट्रोलच्या व्याख्या जातात, पण कंट्रोलच्या किमती दोन्हीकडे वेगळ्या असायला हव्या असतात. टेस्टमध्ये त्यांच्या टेस्ट कंपनीचा कोड असतो. म्हणून पॅकेज लावून झाल्यावर एक्स्टर्नल सिस्टिमवर जाऊन प्रत्येक कंट्रोल साइटनिहाय उघडून बघायचा, आणि शेजारी धंद्याच्या माणसाला बसवून. रूलच्या वर्णनाच्या रकान्यात "पीओ रूल 2" असं लिहू नका. कोणाच्या सांगण्यावरून, कुठला मेसेज, का सोडला जातो, एवढं एका वाक्यात लिहा. त्या रकान्यात जागा थोडी असते, पण पुरते.