क्लासिक कारचं प्राइस गाइड वाचताना या चुका टाळा

1967 ची फोर्ड मस्टँग घ्यायची म्हणून कोणी हॅगर्टी या अमेरिकन क्लासिक-कार विमा कंपनीचं गाइड, म्हणजे भावांची यादी, उघडलं, मधल्या रकान्यातला आकडा पाहिला आणि त्यावरच घासाघीस सुरू केली, की सौदा अंगाशी आलाच म्हणून समजा. आकडा खोटा नसतो. तो त्या मॉडेलच्या, त्या अवस्थेतल्या गाडीचा असतो. समोर उभी असलेली गाडी त्या अवस्थेत आहे का, हे तुम्हालाच ठरवायचं असतं. अमेरिकेत पहिलीच क्लासिक गाडी शोधणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय; भारतातल्या खरेदीबद्दलही शेवटी थोडं आहे.

एका गाइडचा नंबर दुसऱ्याला लावणं

हॅगर्टीत चार पायऱ्या आहेत: 1 म्हणजे कॉन्कोर, जगातल्या उत्तम गाड्यांच्या तोडीची, 2 उत्कृष्ट, 3 चांगली, 4 जेमतेम, म्हणजे चालते पण दोष उघड दिसतात. ओल्ड कार्स प्राइस गाइडमध्ये सहा पायऱ्या. तिथे 4 म्हणजे 'चांगली', आणि 6 नंबरची गाडी फक्त सुटे भाग काढण्यापुरती. पूर्वी नाडाचं (अमेरिकेतल्या गाडी-विक्रेत्यांच्या संघटनेचं) म्हणून ओळखलं जाणारं गाइड, जे आता जे. डी. पॉवरकडे आहे, ते तर नंबरच देत नाही. त्यात किरकोळ विक्रीचे कमी, सरासरी आणि जास्त असे तीन भाव. त्यामुळे विकणारा 'नंबर 3 ची गाडी आहे' म्हणाला, तर आधी विचारा, कुणाच्या हिशोबाने?

विकणाऱ्याच्या तोंडी प्रत्येक गाडी 2 नंबरचीच असते, हे गृहीत धरा. नवा रंग आणि चकचकीत क्रोम म्हणजे 2 नव्हे. खरी 2 नंबरची गाडी स्थानिक प्रदर्शनात बक्षीस घेऊन येऊ शकते. रोज फिरवायला, दर शनिवारी बाहेर काढायला लोक आनंदाने घेतात त्या बहुतेक गाड्या 3 नंबरच्या असतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पाटी न वाचता आकडा लावणं

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. 1967 च्या मस्टँगच्या दरवाजावरच्या पाटीवरचा ओळख क्रमांक समजा 7R02C ने सुरू होतो. 7 म्हणजे साल, R म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना, 02 म्हणजे फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची बॉडी) आणि C म्हणजे टू-बॅरल कार्ब्युरेटरचं 289 घनइंची व्ही-8 इंजिन. C च्या जागी T असेल तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली. K असेल तर हाय-परफॉर्मन्स 289, आणि तिचा भाव वेगळ्याच घरात. आज बॉनेटखाली व्ही-8 दिसतंय म्हणून T ची गाडी C होत नाही. बॉडी कोणती, इंजिन कोणतं, फोर-स्पीड गिअरबॉक्स आहे का, एसी आहे का, यावर गाइडचा आकडा वरखाली करावा लागतो. लोक मोठा आकडा पाहतात आणि खालच्या बारीक टिपा सोडून देतात.

दरवाजावरची पाटी नवी बनवून मिळते, म्हणून इंजिनाशेजारी फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक पाहा आणि दोन्ही ताडून बघा. 1967 पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादन-नोंदींवरून मार्टी रिपोर्ट मिळतो: कारखान्यातून निघताना रंग कोणता, गिअरबॉक्स कोणता, सगळं त्यात येतं. गाइडमधल्या वरच्या रकान्याचे पैसे मागणाऱ्याकडे हा कागद नसेल, तर स्वतः मागवा. खर्च किरकोळ आहे.

आता गंज. या मस्टँगमध्ये काचेखालच्या जाळीतून पाणी काउलमध्ये, म्हणजे डॅशबोर्डपुढच्या पत्र्याच्या पोकळीत, उतरतं. तिथला पत्रा सडला की ते थेट पायाशी गळतं. विकणाऱ्याला विचारून जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि आतलं कार्पेट उचलून बघा. ओलं निघालं तर स्पॉट वेल्डिंग काढून पुढचा सगळा भाग उघडावा लागणार. 3 नंबरची दिसणारी गाडी 4 वर आणायला हा एक दोष पुरतो.

जाहिरातीतला भाव आणि लिलावाचा भाव एकच समजणं

जाहिरातीतला आकडा ही मागणी आहे, विक्री नव्हे. लिलावाच्या बातमीतही नीट बघा: हातोडा पडला तो आकडा आहे की खरेदीदाराचं शुल्क धरून? ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर हे शुल्क 5 टक्के असतं, मोठ्या लिलावगृहांत त्याहून बरंच जास्त. एखादा विक्रम हाही आधार नव्हे. 2022 मध्ये मर्सिडीजची 300 एसएलआर उलेनहॉट कूपे 13.5 कोटी युरोला गेली, म्हणून कुणाच्या गॅरेजमधली जुनी मर्सिडीज महाग होत नाही.

गाइड मागून चालतं, हेही लक्षात ठेवा. कोरोनाकाळात भाव चढले आणि नंतर अनेक मॉडेल थंडावली. जुनी प्रत हातात धरून बसलेले दोन्ही वेळा चुकले. माझ्या मते गाइडचा खरा उपयोग आकड्यापेक्षा फरकासाठी आहे: हार्डटॉप आणि फास्टबॅकमध्ये किती अंतर आहे, 3 वरून 2 वर न्यायला लागणारा खर्च त्या अंतरात बसतो का. बहुतेकदा बसत नाही. कुणीतरी आधीच रिस्टोअर केलेली गाडी म्हणूनच स्वस्त पडते.

डॉलर किंवा युरोला रुपयांनी गुणणं

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी ही फियाट 1100 ची वारस. पण इटलीतल्या फियाटचा भाव रुपयांत बदलून पद्मिनीला लावणारे भेटतात. गिऱ्हाईक वेगळं, सुट्या भागांचा पुरवठा वेगळा, मजुरी वेगळी. आपल्याकडे आकडा आधी आरसीवरून ठरतो: मूळ मालकाचं नाव, नोंदणी चालू आहे का, चेसिस नंबर जुळतो का. कागद नसलेली देखणी गाडी शोभेची वस्तू आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या, मूळ रूप जपलेल्या गाडीला व्हीए (VA) या खास नंबर-मालिकेत नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000. हा खर्च सौद्यात धरा.

विम्याचं शेवटचं. अमेरिकेत 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' पॉलिसी, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून केलेला विमा, घेताना गाइडची छापील प्रत, फोटो आणि खर्चाची बिलं जोडा. तिथे गाइड खरंच कामी येतं. भारताच्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या नियमावलीत, अशी ठरलेल्या किमतीची पॉलिसी 31 डिसेंबर 1940 पूर्वीच्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांपुरती धरली होती. तुमची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर त्यात बसत नाही, म्हणून आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) किती धरला ते विमा कंपनीकडून पॉलिसी घेण्याआधीच लेखी घ्या.