जुना गोल पिनचा कीबोर्ड लॅपटॉपला चालत नव्हता, शेवटी असा चालला

मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानाचे हिशेब लिहितो. हाताला बसलेला जुना पीएस-२, म्हणजे गोल पिनचा, कीबोर्ड लॅपटॉपला हवा होता. जांभळा अ‍ॅडॅप्टर लावून यूएसबीत घातला की नमलॉकचा दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा. एक अक्षर उमटत नव्हतं.

पोर्ट बदलले, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघितलं. ऐन हंगामात डोक्याला नुसता ताप.

दोष अ‍ॅडॅप्टरचा. तो इवलासा तुकडा फक्त तारा जुळवतो, आत चिप नसते. ज्या कीबोर्डच्या आतच यूएसबीची सोय आहे, त्यालाच तो चालतो. निव्वळ पीएस-२ कीबोर्डला चिपवाला कन्व्हर्टर लागतो. त्याला बहुतेक वेळा आखूड वायर आणि दोन गोल सॉकेट असतात: जांभळं कीबोर्डचं, हिरवं माऊसचं. मला कोल्हापुरात राजारामपुरीत मिळाला.

जोडताना क्रम पाळा. आधी कीबोर्डची पिन जांभळ्या सॉकेटात, खाच नीट जुळवून. जोर लावू नका, आतल्या सहा बारीक पिना लगेच वाकतात. मगच कन्व्हर्टर लॅपटॉपच्या यूएसबीत, थेट, हबमधून नको. थोडं थांबून नमलॉक दाबा. दर दाबण्याला दिवा लागला-विझला की झालं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

काढताना उलटं: आधी यूएसबी, नंतर गोल पिन. पीएस-२ चालू विजेवर काढ-घाल करण्यासाठी बनलेलंच नाही. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल, तर कन्व्हर्टरच्या पुढे ओटीजी, म्हणजे साधं यूएसबी टाइप-सीला जोडणारा छोटा तुकडा, लावा.