निघण्याआधीच पोचलेले ट्रक : भूतानच्या व्यापार-वाहतुकीचे आकडे जमवताना

माझ्या पहिल्याच तक्त्यात काही ट्रक निघण्याआधी पोचले होते. भूतानातल्या फुंटशोलिंगहून निघाल्याची वेळ अकरा आणि सीमेपलीकडे भारतातल्या जयगावात नोंद झाल्याची वेळ दहा चाळीस. अशा ओळी बऱ्याच होत्या. मी त्या ‘सदोष नोंदी’ म्हणून वगळल्या, उरलेल्यांची सरासरी काढली आणि ती अहवालाच्या मसुद्यात घातली.

दोन दिवसांनी तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो तक्ता पाहिला. काही न बोलता त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. सीमेवरच्या फाटकाच्या एका बाजूची नोंद एका घड्याळाची, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या. भारतात येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा वेळ अर्ध्या तासाने कमी दिसत होता, भूतानात जाणाऱ्याचा तेवढाच जास्त. मी जे ट्रक काढून टाकले ते खरं तर सगळ्यांत लवकर सुटलेले होते. म्हणजे वेगवान ट्रक गेले आणि उरलेल्यांचा वेळ चुकीचा राहिला. सरासरी दोन्ही बाजूंनी बिघडली होती, आणि दिसायला मात्र अगदी पटण्यासारखी होती. हे मला आजही सलतं.

पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी दोन वर्षं नवी मुंबईत न्हावा शेवाच्या कंटेनरच्या आकडेवारीवर काम केलं आणि मग एका अल्पमुदतीच्या प्रकल्पातून भूतानच्या कामात आले. आता या वाटेने येऊ पाहणारी मुलं-मुली विचारतात, काय शिकावं, काम कसं असतं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी देशाचा आवाका बघा. २०१७ च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या सुमारे ७ लाख २७ हजार भरली, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही कमी. क्षेत्रफळ मात्र ३८ हजार चौरस किलोमीटरच्या वर, आपल्या अख्ख्या कोकण विभागापेक्षा मोठं. समुद्र नाही. स्वतःची रेल्वे नाही. आंतरराष्ट्रीय विमानतळ पारोचा. बहुतेक माल रस्त्याने भारतातून येतो-जातो, आणि परदेशातून समुद्रमार्गे येणारा कोलकाता किंवा हल्दियाला उतरून फुंटशोलिंगला पोचतो. डिसेंबर २०२३ मध्ये हा देश संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित देश’ यादीतून बाहेर पडला. अशा टप्प्यावर कर्ज, सवलती, करार या सगळ्यांच्या चर्चा व्यापाराच्या आकड्यांवर उभ्या असतात. आपण टाकलेला आकडा कुठल्या टेबलावर जाऊन बसेल सांगता येत नाही.

न्हावा शेवाला २०२२-२३ मध्ये ६० लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेले कंटेनर, हाताळले गेले. तिथे एखादी नोंद चुकली तर गर्दीत विरून जाते. भूतानात विरत नाही. २०२० मध्ये द्रुक एअर या भूतानच्या विमान कंपनीचं एक ए-३२० निओ विमान आलं. एवढ्या छोट्या देशात एका विमानाने आयातीच्या तक्त्याचं एक प्रकरण वर्षभरासाठी ओळखू येईनासं होतं. २०२२ मध्ये बिटकॉइन मायनिंगसाठी संगणकीय यंत्रं मोठ्या प्रमाणावर आली. एचएस म्हणजे वस्तूंच्या वर्गीकरणाची जगभर चालणारी संकेतांक-पद्धत; तिच्यातल्या ८४७१ या संगणकीय यंत्रांच्या एका शीर्षकामुळे त्या वर्षीची व्यापारतूट फुगली, परकीय चलनाचा साठा खाली आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने वाहनांच्या आयातीवर बंदी आणली. पुस्तकात शिकलेल्या नियमाने हे ‘टोकाचे आकडे’ म्हणून छाटले असते, तर देशात त्या वर्षी घडलेली सगळ्यांत मोठी गोष्टच आपण पुसून टाकली असती. मी आता असे आकडे दोनदा छापते: एकदा सगळं धरून, एकदा ती बाब वगळून, आणि वगळलेलं काय ते लगेच खाली लिहून.

दुसरी गोष्ट शिकायला मला जास्त वेळ लागला. नोंद कोण करतं आणि कशासाठी करतं, हे कळल्याशिवाय मालिका वाचायची नाही. जीएसटी येण्याआधी भूतानात गेलेल्या मालावरचा उत्पादन शुल्काचा परतावा भारत सरकार भूतानला देत असे. परतावा मागायचा तर कागद हवा. म्हणून प्रत्येक इनव्हॉइस जपून ठेवण्यात सरकारचा थेट फायदा होता. जुलै २०१७ पासून जीएसटी आला, भूतानला जाणारी निर्यात शून्य दराची झाली आणि कागदांचं सगळं गणित बदललं. आलेखात २०१७ च्या आसपास काही हललेलं दिसलं तर ‘मागणी वाढली’ किंवा ‘घटली’ असं लिहिण्याआधी हा बदल आठवायला हवा.

तसंच करोनाचं. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये उघडली. त्याआधी फुंटशोलिंगची माणसं रोज फाटक ओलांडून जयगावला जात, भाजी, साबण, चपला, मुलांचे कपडे पिशवीत घालून घरी येत. त्यातलं बरंचसं कुठल्याच तक्त्यात नसे. सीमा बंद झाल्यावर तोच साबण ट्रकमधून, बिलासकट येऊ लागला. माणसांनी वापरलेला साबण तेवढाच, आयातीच्या वहीत मात्र जास्त. या काळाचे आकडे आधीच्या-नंतरच्या वर्षांशी सरळ जोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता ‘आरशातली आकडेवारी’. भूतानने भारतातून किती आयात केली हे भूतान सांगतो, भारताने भूतानला किती निर्यात केली हे कोलकात्याची डीजीसीआयएस ही व्यापार-आकडेवारीची सरकारी संस्था सांगते. दोन्ही सारखे यायला हवेत असं नवख्याला वाटतं. ते कधीच सारखे येत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्यात कुणाची चूक नसते. आयात भाडं-विमा धरून म्हणजे सीआयएफ किमतीला मोजतात, निर्यात ते सोडून, म्हणजे एफओबी किमतीला. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, तर भूतानची व्यापार आकडेवारी जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे मासिक आकडे घेऊन वर्ष नव्याने जुळवावं लागतं. एचएस कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे, त्यामुळे तुलना सहा अंकांवरच थांबवायची. आणि सगळ्यांत चिवट प्रश्न मूळ देशाचा. थिंपूच्या व्यापाऱ्याने सिलिगुडीच्या डीलरकडून जपानी यंत्र घेतलं, तर भारताच्या वहीत ती भूतानला झालेली निर्यात असते. नियमाप्रमाणे भूतानच्या वहीत मात्र ती जपानमधून आयात असायला हवी, कारण आयातीला उत्पत्तीचा देश लिहायचा असतो. काउंटरवरच्या माणसासमोर इनव्हॉइस सिलिगुडीचं असतं. तो काय लिहील? मी तिथे उभी राहून पाहिलं आहे. गर्दी असली की ‘भारत’.

चलनाचंही सांगून ठेवते. भूतानचं न्गुलट्रम भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे. रकमेच्या रकान्यात चलन लिहायचं राहिलं तरी रुपया-न्गुलट्रमच्या बाबतीत काही बिघडत नाही, त्यामुळे रकाना मोकळा सोडायची सवय लागते. मग एखादी डॉलरमधली नोंद तशीच मोकळी येते आणि लाखोंची यंत्रं हजारांत दिसू लागतात. किलोमागे किंमत काढून पाहिली की अशा नोंदी लगेच सापडतात. पहिल्या आठवड्यात हे एवढं जरी शिकलात तरी तुमच्या गटाला तुमचा उपयोग होईल.

विजेकडे थोडं थांबून पाहू या. चुखा ३३६ मेगावॉट, ताला १,०२०, मांगदेछू ७२०. या प्रकल्पांची वीज भारतात येते आणि ती भूतानची फार मोठी निर्यात आहे. पण वीज ट्रकमध्ये बसत नाही, नाक्यावर थांबत नाही, तिला वजन नाही. तिची नोंद मीटरच्या वाचनावरून आणि बिलावरून होते, एकक हजार किलोवॉट-तास. म्हणून ‘एकूण निर्यात किती टन’ या तक्त्यात वीज नसते आणि ‘एकूण निर्यात किती रुपये’ यात असते. हे दोन तक्ते एकमेकांना भागून सरासरी किंमत काढणारे अहवाल मी पाहिले आहेत आणि वाचून वाईट वाटलं आहे. शिवाय पावसाळ्यात नद्या भरल्या की निर्यात चढते, हिवाळ्यात पाणी आटतं आणि अलीकडे तर हिवाळ्यात भारतातून उलट वीज घ्यावी लागते. तेव्हा जुलैची तुलना जुलैशीच.

विजेच्या अगदी उलट टोकाला दगड. बांधकामाचे दगड आणि खडी भूतानहून बांगलादेशात जातात. जुलै २०१९ मध्ये पहिल्यांदा आसाममधल्या धुबरीहून ब्रह्मपुत्रेच्या जलमार्गाने १,००० टन खडी बांगलादेशातल्या नारायणगंजला गेली. दगड जड आणि स्वस्त, त्यामुळे रस्ते त्यांच्याने झिजतात आणि पैशांच्या तक्त्यात ते लहान दिसतात. वाहतुकीचं नियोजन करायचं तर टन बघा, महसुलाचं करायचं तर रुपये. पण टन आले कुठून? वजनकाटा असेल तिथे काट्याची पावती असते, नाहीतर ट्रकचा हौदा मोजून घनफूट लावतात आणि मग कुणीतरी गुणाकार करतं. इथे मला घरचं ज्ञान कामी आलं. आमच्या गावी खडी ब्रासमध्ये घेतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एका ब्रासचं वजन साधारण चार ते साडेचार टन. खडी किती बारीक, किती ओली, यावर ते हलतं. मी विचारलं, इथे कोणता गुणक लावता? दोन जणांकडून दोन उत्तरं आली. मग आम्ही काही ट्रक मोजून, लगेच काट्यावर चढवून, गुणक पक्का केला. ती दुपार मला एम.एस्सी.च्या एका सत्राइतकी शिकवून गेली. एका ट्रकचे वयस्क चालक नेपाळी बोलत. त्यांना ‘दाजू’ (थोरला भाऊ) म्हणून हाक मारली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की पावसात भरलेला ट्रक कोरड्या दिवसापेक्षा किती जड जातो ते त्यांना चढावर इंजिनाच्या आवाजावरून कळतं. आमच्या अर्जात पावसाचा रकाना नव्हता. आम्ही तो घातला.

जागतिक बँकेचा लॉजिस्टिक्स परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजे देशोदेशींची मालवाहतूक किती सुरळीत चालते याचा निर्देशांक, तुमच्या वाट्याला येणारच. २०१८ मध्ये भूतान १६० देशांत १४९ वा होता, २०२३ मध्ये १३९ देशांत ९७ वा. लगेच ‘५२ क्रमांकांची झेप’ असं लिहावंसं वाटतं. लिहू नका. देशांची संख्या बदलली आहे, आणि हा निर्देशांक मुख्यतः मालवाहतूक करणाऱ्या व्यावसायिकांच्या मतांवर उभा आहे. लहान देशाबद्दल मत देणारे थोडे, म्हणून अनिश्चिततेचा पट्टा रुंद. गुणांसोबत तो पट्टाही छापलेला असतो. क्रमांक सांगायचा तर पट्टा सांगूनच.

एका गोष्टीत मात्र कुणाचंही ऐकू नका. एखादी वस्तू निर्यात करणारे देशात एक-दोनच कारखाने असतील, तर त्या कोडचा आकडा छापणं म्हणजे त्या कारखान्याचं वहीखातं छापणं. मोठ्या देशात हा प्रश्न क्वचित येतो, इथे दर दोन पानांना येतो. तो आकडा झाकायचा, आणि बेरीज-वजाबाकीने तो परत काढता येऊ नये म्हणून शेजारचा एखादाही झाकावा लागतो. घाईत असलेले वरिष्ठ ‘एवढं काय’ म्हणतात. माहिती देणाऱ्याचा विश्वास एकदा गेला की पुढच्या वर्षी अर्ज कोरा येतो, हे त्यांना शांतपणे सांगायचं.

शिकायचं काय? संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राची पदवी पुरते. नमुना पाहणी पक्की हवी. आर किंवा पायथन यापैकी एक नीट, आणि एक्सेल त्याहून नीट, कारण समोरून फाइल त्यातच येणार. संयुक्त राष्ट्रांची माल-व्यापार आकडेवारीची २०१० ची नियमावली शेवटपर्यंत वाचा, कंटाळा आला तरी. यूएन कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावरून भारत-भूतानचे दोन्ही बाजूंचे आकडे उतरवून फरक का पडतो ते दोन पानांत लिहून काढा. मुलाखतीत माझ्यापुढे अशी दोन पानं घेऊन आलेली व्यक्ती मला प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त आवडते. आणि जमलं तर तीन महिने एखाद्या सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सची कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात बसा. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्स अर्ज, भरणाऱ्या माणसाचा दिवस पाहिल्याशिवाय त्यातला कुठला रकाना घाईत भरला जातो हे समजत नाही. अल्पमुदतीच्या करारांवर जगावं लागतं आणि दोन कामांमध्ये रिकामे महिने जातात. घरी आधीच बोलून ठेवा.

सध्या माझं लक्ष एका रकान्यावर आहे. भूतानच्या नोंदींत ‘सीमेवरचं वाहन’ म्हणून जवळजवळ सगळीकडे रस्ता असतो, थोडं विमान. सप्टेंबर २०२५ मध्ये कोक्राझार ते गेलेफू ६९ किलोमीटर आणि बनरहाट ते साम्त्से २० किलोमीटर अशा दोन रेल्वेमार्गांची घोषणा झाली. मालगाडी आली की एकाच रेकमध्ये दहा व्यापाऱ्यांचा माल असेल, वजन वॅगनवर होईल की उतरवल्यावर, गाडी भारतीय वेळेने सुटून भूतानी वेळेने पोचेल, आणि आमच्या आजच्या अर्जात यातलं काहीच धरलेलं नाही. तो अर्ज पहिली गाडी यायच्या आधी तयार व्हायला हवा, आणि त्यासाठी काम करणारी माणसं फार थोडी आहेत.