शिडाच्या खासगी बोटीने न्यूझीलंडमध्ये शिरताना: कागदपत्रांची तयारी

फिजी किंवा टोंगा सोडून दक्षिणेला निघालेली शिडाची बोट साधारण हजार ते अकराशे सागरी मैल कापून न्यूझीलंडच्या उत्तर भागातल्या ओपुआ बंदरात पोहोचते. वाऱ्याने साथ दिली तर आठ-दहा दिवस लागतात, नाही दिली तर त्याहून जास्त. दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असल्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या वाटेवर बोटींची रीघ लागते, आणि हवामानाच्या काळजीत बुडालेली मंडळी कागदपत्रांचा विषय ‘धक्क्याला लागल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवतात. इथेच गाडी अडते. या देशात तुमचा प्रवेश ओपुआच्या धक्क्यावर ठरत नाही. तो त्याआधीच्या बंदरात, बोटीचा तळ घासताना आणि स्वयंपाकाचे डबे भरताना ठरलेला असतो.

दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यांच्या चार थांब्यांपैकी एक न्यूझीलंडचे लिटलटन बंदर होते. पुढे २०१७ मध्ये ‘तारिणी’वरच्या महिला अधिकारीही तिथे थांबल्या. मात्र त्या नौदलाच्या नौका होत्या आणि अशा नौकांची परवानगी दोन सरकारे आपसांत ठरवतात, त्यामुळे त्यांचा अनुभव खासगी बोटीला लागू पडत नाही. पुढची माहिती स्वतःची बोट असणाऱ्यांसाठी आहे, तशीच दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्यांसाठीही. ऑकलंड-सिडनीकडच्या मराठी मंडळींत असे हौशी खलाशी आता बरेच भेटतात.

सर्वांत आधी बोटीचा तळ. पाण्याखालच्या भागावर चिकटून येणारे जीव रोखण्यासाठी न्यूझीलंडने मे २०१८ पासून सक्तीचे नियम लागू केले आहेत, आणि ते समजून घेतले की बाकीच्या कागदांमागची तिथल्या अधिकाऱ्यांची वृत्तीही कळते. भूमध्य समुद्रातला पंख्यासारखा नळीकृमी २००८ मध्ये लिटलटनला सापडला, तेव्हापासून तो तिथल्या अनेक बंदरांत पसरला आहे. परदेशी कॉलर्पा हे शैवाल २०२१ मध्ये ग्रेट बॅरियर बेटाजवळ आणि २०२३ मध्ये खुद्द बे ऑफ आयलंड्समध्ये, म्हणजे ओपुआ ज्या उपसागरात आहे तिथेच, आढळले. एकदा समुद्राच्या तळाशी रुजलेले असे जीव उपटून काढणे जवळपास अशक्य असते, म्हणून न्यूझीलंडचा सारा भर ते येऊच न देण्यावर आहे.

नियम वाचायला सोपा आहे. एकवीस किंवा त्याहून अधिक दिवस राहणाऱ्या बोटीच्या तळावर बुळबुळीत थर आणि लांब देठाचे, ज्यांना इंग्रजीत ‘गूज बार्नेकल’ म्हणतात ते बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव), याखेरीज काहीही जिवंत चिकटलेले चालत नाही. देठाच्या बार्नेकलना सूट आहे, कारण ते खुल्या समुद्रातच वाढतात आणि आठ-दहा दिवसांच्या सफरीत चिकटतातच. ते पाहून घाबरू नये. पण बसक्या, टणक कवचाचा एक जरी पुंजका दिसला, तरी अधिकाऱ्याच्या लेखी बोट आधीच्या बंदरात बराच काळ उभी होती आणि साफ झालेली नाही. वीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला थोडी सवलत आहे खरी, परंतु चक्रीवादळांचा हंगाम टाळायला आलेली बोट तीन आठवड्यांत परत जाणार नाही हे त्यांना पक्के माहीत असते, तेव्हा त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये.

तळ स्वच्छ असणे पुरेसे नाही. तो स्वच्छ केल्याचा पुरावा हवा. सरळ मार्ग हा की न्यूझीलंडला पोहोचण्यापूर्वीच्या तीस दिवसांत तळ साफ करावा. फिजीतल्या वुंडा मरीनासारख्या (खासगी बोटी ठेवायच्या) ठिकाणी बोट पाण्याबाहेर काढून धुता येते आणि त्याची पावती मिळते. दुसरा मार्ग म्हणजे वेळच्या वेळी लावलेला, मुदतीतला अँटीफाउलिंग, म्हणजे जीव चिकटू न देणारा, रंग आणि नियमित साफसफाईची नोंद दाखवणे. दोन्ही मार्गांत रंगाच्या डब्यांचे बिल, रंग लावल्याची तारीख, बोट उचलल्याची पावती आणि तारखेसह छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत. छायाचित्रे काढताना बहुतेक जण बोटीची सपाट बाजू टिपतात, ती कोणी पाहत नाही. कीलचा, म्हणजे तळाखालच्या मधल्या जड पात्याचा, खालचा पृष्ठभाग, सुकाणू आणि त्याची बिजागरी, पंखा आणि त्याचा दांडा, इंजिनात समुद्राचे पाणी ओढणाऱ्या तोंडांच्या जाळ्या, वेग मोजणाऱ्या यंत्राची फिरकी, आणि बोट ठोकळ्यांवर उभी असताना ज्या ठिकाणी रंग लागलाच नाही ते चौकोन: जीव याच जागी दडतात, म्हणून फोटोही याच जागांचे हवेत. आमच्या बोटीवर सारे लख्ख होते, पण त्या फिरकीच्या खाचेत मसुराएवढे पाच-सहा बार्नेकल बसले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी श्वासाची नळी लावून पाण्यात गेलेल्या सोबत्याला ते नुसत्या डोळ्यांना दिसलेच नाहीत, बोटाला लागले. तेव्हा पाण्यात उतरून हात फिरवावा, नुसते बघू नये.

तळाची फाइल तयार झाली की मगच आगमनाची पूर्वसूचना, म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स नोटीस ऑफ अरायव्हल’, हा अर्ज हातात घ्यावा. पोहोचण्याच्या किमान अठ्ठेचाळीस तास आधी तो न्यूझीलंड कस्टम्सकडे ईमेलने गेला पाहिजे. भर समुद्रात उपग्रहाच्या बारीक जोडणीवरून जोडपत्रे पाठवणे हा मनस्ताप असतो, म्हणून आधीच्या बंदरातून निघतानाच अर्ज पाठवून द्यावा आणि वाटेत फक्त पोहोचण्याची वेळ बदलल्याचे दोन ओळींत कळवावे. अर्जात बोटीचे नाव, नोंदणी, मोजमापे, मागची बंदरे, बोटीवरच्या प्रत्येकाचा पासपोर्ट तपशील आणि कोणत्या बंदरात प्रथम लागणार ते लिहायचे असते. हे बंदर मनाला येईल ते नसते. ओपुआ, मार्सडन कोव्ह, ऑकलंड, टॉरंगा, नेल्सन, लिटलटन अशा ठरवून दिलेल्या ठिकाणीच पहिला थांबा घेता येतो. वाटेतल्या एखाद्या सुंदर खाडीत ‘एक रात्र नांगर टाकू, सकाळी जाऊ’ असे केले तर तो कायद्याचा भंग ठरतो.

वेळ लिहिताना एक बारकावा सांभाळावा. पोहोचण्याची वेळ न्यूझीलंडच्या स्थानिक वेळेनुसार द्यावी, आणि तिथे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असते. टोंगाहून येणाऱ्याला त्या काळात घड्याळ बदलावेच लागत नाही, फिजीहून येणाऱ्याला एक तासाचा फरक पडतो. पण कुक बेटे किंवा ताहितीकडून येणारा आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतो आणि त्याचा एक अख्खा दिवस गळतो. लॉगबुकात सारे जागतिक वेळेत लिहिणाऱ्यांकडून अर्जात वार चुकल्याचे मी पाहिले आहे.

शेवटच्या बंदराचा निर्गमन दाखला विसरू नये. आधीच्या देशाच्या कस्टम्सने दिलेल्या त्या एका कागदावर बोट, माणसे आणि पुढचे बंदर हे तिन्ही बरोबर आहेत ना, ते तिथल्या खिडकीवरून हलण्यापूर्वीच वाचून घ्यावे. त्याच्या जोडीला नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र, विमा, आणि मालक स्वतः बोटीवर नसेल तर त्याने कर्णधाराला दिलेले सहीचे अधिकारपत्र ठेवावे. खलाशांच्या यादीच्या चार-पाच छापील प्रती जवळ असल्या की प्रत्येक देशात वेळ वाचतो.

माणसांच्या बाबतीत भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सोबतच्या ब्रिटिश किंवा जर्मन खलाशाला आधी व्हिसा काढावा लागत नाही म्हणून आपल्यालाही धक्क्यावर शिक्का मिळेल, असे होत नाही. भारतीय नागरिकाला निघण्यापूर्वीच पर्यटक व्हिसा हवा, आणि तो मिळायला आठवडे लागू शकतात. अर्जात आपण विमानाने नव्हे तर बोटीने येणार आहोत हे बोटीच्या नावासह लिहावे आणि कर्णधाराचे पत्र जोडावे. व्हिसाविना माणूस आणल्याचे खापर कर्णधारावरही फुटते, म्हणून शहाणा तांडेल खलाशी बोटीवर घेतानाच त्याच्या पासपोर्टची पाने उलटून पाहतो.

आता स्वयंपाकघर. ताजी फळे, भाज्या, मांस, अंडी आणि मध यांना तिथे अजिबात थारा नाही, म्हणून शेवटच्या आठवड्याचा बेत असा आखावा की पोहोचेपर्यंत हे सारे पोटात गेलेले असेल. आपल्या लोकांची फसगत मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. अख्खे मूग, मटकी, चवळी, हरभरे हे आपल्यासाठी धान्य, पण ज्याला मोड येतात ते त्यांच्या दृष्टीने बियाणे. ओपुआला आमच्या बोटीवर तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी फडताळात टॉर्च मारून एकेक डबा उघडायला लावला, मुगाच्या डब्यापाशी त्या थांबल्या, चार दाणे तळहातावर घेतले आणि शांतपणे विचारले, “हे भिजवले तर उगवतील का?” कोणता मराठी माणूस यावर नाही म्हणेल? डबा पिशवीत गेला, पण तो आम्ही यादीत आधीच लिहिलेला असल्यामुळे पुढे काही झाले नाही. न सांगता सापडलेल्या वस्तूसाठी ४०० डॉलरचा जागच्या जागी दंड होऊ शकतो. तेव्हा शंका आली की लिहून टाकावे: मसाल्याच्या अख्ख्या बिया, नाळेशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, फोडायला ठेवलेला नारळ, कुंडीतली तुळस, पूजेचे गोमूत्र, दूध पावडर, वेताच्या टोपल्या, चिखल लागलेले बूट, सायकलची चाके. औषधांच्या पेटीची यादी आणि डॉक्टरांचे पत्र ठेवावे, बंदूक असेल तर ती पूर्वसूचनेतच नोंदवावी, आणि १०,००० न्यूझीलंड डॉलर किंवा त्याहून अधिक रोकड असेल तर तीही जाहीर करावी. कुत्र्या-मांजराला घेऊन येण्याचा विचार असल्यास तो वेगळा आणि महिनोन्‌महिने चालणारा खटाटोप आहे. या लेखात तो मावणार नाही.

किनारा जवळ आला की बारा मैलांच्या सागरी हद्दीत शिरताना उजव्या बाजूला तपासणी बाकी असल्याचे सांगणारा पिवळा ‘क्यू’ झेंडा चढवावा आणि व्हीएचएफ रेडिओवर आपण येत असल्याचे कळवावे. ओपुआचा क्वारंटाइन धक्का म्हणजे मरीनाबाहेरचा तरंगता बांध आहे, तो जमिनीला जोडलेलाच नाही; रात्री पोहोचलात तर तिथे बोट बांधून निवांत झोपावे. मात्र तपासणी होईपर्यंत कोणी बोटीवरून बाहेर जाऊ नये, शेजारच्या बोटीवर गप्पा मारायला जाऊ नये, आणि केळीची सालही पाण्यात टाकू नये. कचऱ्याची पिशवी बांधून ठेवावी, ती अधिकारी सांगतील त्याच पेटीत जाते. सकाळी कस्टम्स आणि जैवसुरक्षा विभागाचे अधिकारी येतात. एक जण टेबलाशी बसून कागद पाहतो, दुसरा डबे आणि फडताळे पाहतो, आणि काठीला बांधलेला कॅमेरा पाण्यात सोडून तळही पाहिला जाऊ शकतो. तळाचे फोटो त्या वेळी लॅपटॉपवर उघडून ठेवले असतील तर सारे तासाभरात आटोपते. फाइल नसेल आणि तळ अस्वच्छ निघाला, तर बोट आपल्या खर्चाने तातडीने पाण्याबाहेर काढायला लावतात किंवा देशाबाहेर जायला सांगतात.

याच बैठकीत बोटीच्या तात्पुरत्या आयातीचा कागदही करून घ्यावा. परदेशात राहणाऱ्या मालकाची बोट खासगी वापरासाठी चोवीस महिन्यांपर्यंत करमुक्त ठेवता येते; तो कागद नसेल तर बोटीच्या किमतीवर १५ टक्के जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. न्यूझीलंडमध्येच राहणाऱ्याने परदेशात बोट विकत घेऊन आणली, तर त्याला ही सवलत मिळत नाही आणि कर भरावाच लागतो, तेव्हा ऑकलंडच्या मराठी मित्राने फिजीत स्वस्तात बोट घेण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. या कागदावरच्या क्रमांकाचा उपयोग पुढेही होतो: बोटीसाठी परदेशातून मागवलेल्या सुट्या भागांच्या पार्सलवर बोटीच्या नावासह तो घालावा, आणि दुरुस्तीच्या यार्डात बिल होण्याआधी त्याची प्रत द्यावी, म्हणजे जीएसटी लावायचा की नाही हे त्यांना पाहता येते. शिक्के पडले की पिवळा झेंडा उतरवून त्याच दोरीवर न्यूझीलंडचा छोटा झेंडा चढवावा. तो फिजीतच विकत घेऊन ठेवावा, कारण ओपुआच्या दुकानापर्यंत जायला आधी धक्का सोडावा लागतो.