पेडलमधील शीळ कशी थांबवली

राजारामपुरीतील माझ्या खोलीत गेल्या पावसाळ्यात गिटारच्या अँप्लिफायरमधून बारीक शीळ येऊ लागली आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणारे पेडल, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडलेले, पायाने चालू-बंद करायचे यंत्र) चालू केला की ती असह्य होई. आधी मी घरच्या वायरिंगला दोष दिला. परंतु विजेची घरघर 50 किंवा 100 हर्ट्झची, म्हणजे खर्जातली असते आणि ही शीळ तर पहिल्या तारेच्या शेवटच्या पडद्याहूनही चढी होती.

मग एकेक पेडल 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहिले. ओव्हरड्राइव्ह बॅटरीवर जाताच शीळ थांबली, तेव्हा उलगडा झाला: चारही पेडल एकाच अडॅप्टरच्या साखळी-वायरवर (एका वायरला अनेक पिना) असल्यामुळे डिजिटल डिलेच्या (सुरांचा प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलच्या) आतील क्लॉकबरोबर, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या सर्किटबरोबर, कमीजास्त होणारा विद्युतप्रवाह सामाईक ग्राउंडमधून (परतीच्या ऋण वायरमधून) ओव्हरड्राइव्हला बाधत होता आणि तेथे कैकपटीने वाढत होता.

हौसेने मी 100 ओहमचा रेझिस्टर व 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून फिल्टर केला. शीळ मंदावली, पण गेली नाही, कारण फिल्टर धन वायरवर होता आणि ग्राउंड सामाईकच राहिला होता. अखेर डिलेला स्वतंत्र अडॅप्टर दिला (मधली पिन ऋण आहे ना, हे मल्टिमीटरने तपासूनच) आणि शीळ पूर्ण थांबली.

आता उरली आहे ती पंख्याच्या रेग्युलेटरची किंचित खरखर. ती सिंगल-कॉइल पिकअपमधून (तारांचे कंपन टिपणाऱ्या, एकाच गुंडाळीच्या भागातून) येते, म्हणून रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवतो.