आधी रबर मरतं

माईक दुरुस्तीच्या माझ्या बाकावर आलेला पहिला जुना माईक म्हणजे शुअर कंपनीचा 55 एस. उभ्या पट्ट्यांचा, क्रोम चढवलेला, जुन्या सभांच्या फोटोंत वक्त्याच्या हनुवटीसमोर दिसतो तोच. नौपाड्यातल्या एका भजनी मंडळाच्या कपाटात तो कित्येक वर्षं पडून होता. मंडळातले एक आजोबा तो कापडी पिशवीतून घेऊन आले. माईक बाहेर काढून पिशवी झटकली, तर काळी भुकटी पडली. "आतून काहीतरी झडतंय गं याच्या," ते म्हणाले.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ठाण्यातल्या एका साउंडवाल्यांकडे नोकरी करत होते. आत्मविश्वास भरपूर होता. आऊटपुटच्या पिनांना मीटर लावला, त्याने व्यवस्थित ओहम दाखवले. कॉइल, म्हणजे आवाजाने हलणारं आतलं तारेचं वेटोळं, शाबूत आहे असं मी ठरवून टाकलं. मग केबल बदलली, कनेक्टर बदलला, स्विच साफ केला. चार संध्याकाळी गेल्या, आवाज काही आला नाही. शेवटी जांभळी नाक्याजवळ आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेल्या एका काकांकडे तो नेला. त्यांनी एकच विचारलं, "मीटर कुठे लावलास?" मी दाखवलं. "मग तू ट्रान्सफॉर्मर मोजलास, बाळ. कॉइल त्याच्या पलीकडे आहे."

या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सगळ्यात आधी सांगते. पुष्कळ डायनॅमिक (चुंबक आणि कॉइलवर चालणाऱ्या) माईकमध्ये कार्ट्रिज, म्हणजे पडदा, कॉइल आणि चुंबक यांची डबी, आणि आऊटपुट यांच्यामध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. बाहेरून मोजलं की त्याची वाइंडिंग मोजली जाते. कॉइल तुटलेली असली तरी आकडा छान येतो. कार्ट्रिजच्या दोन तारा सोडवून थेट तिथे मीटर लावा आणि कान जवळ न्या. जिवंत कॉइल असेल तर मीटरच्या त्या इवल्याशा करंटनेही पडदा हलतो आणि अगदी बारीक 'टक्' ऐकू येतं. त्या माईकच्या कॉइलमधूनही ते आलं. तुटली होती ती कार्ट्रिजकडून ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी तार, इन्सुलेशनच्या आतल्या आत. मला दिसली नव्हती, कारण मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

ती तार का तुटली, हे कळायला आणखी वेळ लागला. अशा माईकमध्ये कार्ट्रिज रबराच्या आधारावर तरंगत ठेवलेलं असतं, म्हणजे स्टँडला धक्का लागला तर तो आवाजात उतरत नाही. काही दशकांत रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि ते तुकड्या-तुकड्याने गळतं. मग कार्ट्रिज एका बाजूला कलतं, माईक उचलला की आत खडखडतं, आणि त्याचा सगळा भार दोन बारीक तारांवर येतो. म्हणजे मूळ दुखणं रबराचं होतं. मी नुसती तार जोडून माईक परत दिला असता, तर तो सहा महिन्यांत पुन्हा आला असता.

जुन्या माईकमध्ये भाग निकामी होण्याला साधारण एक क्रम असतो. आधी रबर आणि फोम, मग तारांचं इन्सुलेशन, मग सोल्डरचे जोड आणि कनेक्टर. चुंबक आणि पडदा हे खरे मोलाचे भाग सहसा शेवटपर्यंत टिकतात. म्हणून माईक 'मेलाय' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, त्यातलं नक्की काय मेलंय? जे जिवंत आहे त्याला हात न लावणं, हे या कामातलं निम्मं कौशल्य आहे.

फोमबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ठाणे-नवी मुंबईत त्याचा त्रास फार. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो. एका बाजूला खाडी, वर चार महिन्यांचा पाऊस. फोम कधी भुकटी होतो, कधी डांबरासारखा चिकट. सेनहायझरच्या एमडी 441 या माईकच्या आतला फोम असाच चिकट होण्यासाठी प्रसिद्ध आहे. काढताना माईकचं तोंड खाली ठेवा, म्हणजे कण पडद्यावर न पडता बाहेर पडतील. मऊ ब्रश, लाकडी दातकोरणी, आणि चिकट राहिलेल्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली कापसाची काडी, तीसुद्धा फक्त धातूच्या जाळीवर, जाळी माईकपासून वेगळी केल्यावर. ब्लोअर कधीही मारू नका. त्या झोताने पडदा कायमचा आत दबतो, हे मी दुसऱ्याच्या बाकावर घडताना पाहिलं आहे.

नवा फोम निवडताना मी तो ओठांना लावून फुंकते. श्वास सहज आरपार गेला पाहिजे. पॅकिंगच्या खोक्यातला फोम तसाच दिसतो, पण तो हवा अडवतो आणि आवाज गुदमरतो.

याच्यापेक्षा नाजूक गोष्ट कार्ट्रिजच्या मागच्या छिद्रांवरचं कापड किंवा फेल्ट. 55 या मालिकेचा पहिला माईक 1939 मध्ये आला. बेंजामिन बाउअर या अभियंत्याने त्यात एकाच कार्ट्रिजमधून फक्त समोरचा आवाज घेण्याची युक्ती साधली होती. त्याआधी त्यासाठी एका डबीत दोन वेगवेगळे माईक बसवून त्यांचे आवाज एकत्र करावे लागत. युक्ती अशी: मागून येणारा आवाज मागच्या छिद्रांतून आतही शिरतो, पण कापडातून आणि पोकळीतून जाताना थोडा उशीर करतो. तेवढ्या वेळात तोच आवाज बाहेरून वळसा घालून पुढे पोचतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब आला की पडदा हलत नाही. म्हणजे ते मळकट कापड हा त्या माईकचा कामाचा भाग आहे. घाण वाटली म्हणून ते कोणी काढून टाकलं, की मागचा आवाज रद्द होईनासा होतो आणि हॉलमध्ये स्पीकर शिट्टी मारायला लागतो. दुरुस्तीनंतर माईकसमोर बोला, मग तेवढ्याच अंतरावरून मागून बोला. फरक ठळक हवा.

माझा पहिला बाक मामांच्या गाळ्यात होता, वागळे इस्टेटमध्ये. भाडं नव्हतं आणि शेजारी लेथ चालायची. दोन महिन्यांनी एक छान चाललेला माईक खरखरू लागला. भिंगाखाली पाहिलं तर चुंबकाच्या फटीच्या तोंडाशी लोखंडाच्या किसाची मिशी उगवलेली. तो कीस मी जाळी काढून ठेवली असताना हवेतून आला होता. पुसायला गेलं की आणखी आत सरकतो; सेलोटेपचा चिकट भाग टोकाने टेकवत, एकेक कण उचलावा लागला. मामांचे आभार मानून मी बाक घरी आणला. आता त्यावर पांढरं सुती कापड असतं, चिमटा पितळी आहे आणि सोल्डरिंग करताना कार्ट्रिज जाड कापडाने झाकते, कारण सोल्डरिंग आयर्नचं टोकही लोखंडी मुलाम्याचं असतं आणि चुंबक ते खेचून घेतं.

क्रिस्टल माईकची गोष्ट निराळी. जुन्या टेपरेकॉर्डरबरोबर आलेले हलके, प्लॅस्टिकचे माईक बरेचदा याच जातीचे. त्यांच्या आत रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. तो दाबला की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं. पण हे शेवटी मीठच आहे, पाण्यात विरघळणारं. दमट हवेत ते पाणी शोषतं, फार कोरड्या हवेत स्वतःचं पाणी गमावतं आणि साधारण 55 अंश सेल्सिअसला बिघडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला माईक तेवढा सहज तापतो. स्फटिक मेला तर तो जिवंत करता येत नाही. सिरॅमिक एलिमेंट बसवायचं आणि मालकाला तसं स्पष्ट सांगायचं.

मात्र मेला म्हणण्याआधी एक खात्री करा. अशा माईकला किमान 1 मेगाओहमचं इनपुट लागतं. मिक्सरच्या माईक इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, असतो हजार-दोन हजार ओहम. तिथे जोडलात तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ येतो, खालचे सूर गायब. माझ्याकडे 'गेलेले' म्हणून आलेले दोन क्रिस्टल माईक गिटारच्या इनपुटला लावताच बोलू लागले.

रिबन आणि व्हॉल्व्हचे (निर्वात नळीवर चालणारे) कंडेन्सर माईक सुरुवातीची काही वर्षं दुरुस्तीला घेऊ नका. रिबन म्हणजे साधारण दोन मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी. जोरात फुंकलं तरी ताणली जाते, आणि केबल चुकीची असेल तर फँटमनेही, म्हणजे मिक्सर केबलमधून माईकला पाठवतो त्या 48 व्होल्टनेही, जाते. व्हॉल्व्हवाल्यांच्या पॉवर सप्लायमध्ये शंभर व्होल्टच्या वर असतात, आणि प्लग काढला तरी कपॅसिटर ती वीज धरून ठेवतात. 1949 च्या नॉयमन यू 47 सारख्या माईकचा मूळ पीव्हीसीचा पडदा वयाने कडक होऊन तडकतो, आणि त्याची व्हीएफ 14 व्हॉल्व्ह बनणं केव्हाच बंद झालं. अशी वस्तू शिकण्यासाठी उघडायची नसते.

शिकायचं कशावर, तर आजच्या बंद पडलेल्या माईकवर. साउंडवाल्यांच्या गोडाऊनमध्ये त्यांची पेटी भरलेली असते. त्यांना विचारून आणा, उघडा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा, परत जोडा. वीस झाले की बोटांना अंदाज येतो. भिंग, कपॅसिटन्स मोजणारा मीटर आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न यांवर पैसे खर्च करा. तारा, कनेक्टर, सिलिकॉनची शीट मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणते. सिलिकॉन मऊ घ्या. कडक घेतलंत तर स्टँडला टिचकी मारल्यावर हेडफोनमध्ये हातोडी ऐकू येईल.

फक्त जुन्या माईकवर पोट भरेल असं मी सांगणार नाही. माझं घर चालतं ते गणपती-नवरात्राच्या आधी येणाऱ्या मंडळांच्या रोजच्या माईकवर आणि नाटकवाल्यांच्या केबलींवर. महिन्याला जुने दोन-तीन येतात. तरीही त्यांनी मला जितकं शिकवलं तितकं बाकी कशानेच नाही. रोजच्या माईकमध्येही पोलॅरिटी, म्हणजे तारा सुलट जोडल्यात की उलट, तपासायची सवय त्यांच्यामुळेच लागली: दुरुस्त केलेला माईक चांगल्या माईकला चिकटवून धरायचा, दोन्ही चालू करून बोलायचं. आवाजातला भरीवपणा गेला तर तारा उलट जोडल्या आहेत. रंगमंचापुढे ओळीने माईक लावलेल्या नाटकात असा एक उलटा माईक शेजारच्या दोघांचाही आवाज पोकळ करतो.

पैशाचं आधी बोलून घ्या. तपासणीचे मी वेगळे घेते, माईक दुरुस्त होवो न होवो. उघडण्याआधी मालकाला विचारते, तुम्हाला हा वाजवायचा आहे की जपायचा आहे? उत्तराप्रमाणे काम बदलतं. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी तडकलेलं रबरसुद्धा, छोट्या पाकिटात तारीख घालून परत देते.

त्या आजोबांनाही तसंच पाकीट दिलं होतं. माईक त्यांनी तिथल्या तिथे लावून पाहिला, अभंगाची एक ओळ म्हटली, मग दुसरी. पाकीट मात्र माझ्याकडेच राहू दे म्हणाले. ते माझ्या खणात आहे. नवीन मुलं शिकायला आली की मी आधी ते उघडते आणि कडक रबराचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवते.