गवत प्लॅस्टिकचं का दिसतं?

माझ्या पहिल्यावहिल्या एक्स्टीरियर रेंडरवर (संगणकावर बनवलेल्या, घर बाहेरून कसं दिसेल त्या चित्रावर) ग्राहकाचा एका ओळीचा शेरा आला होता: "घर छान आहे, पण अंगणात प्लॅस्टिक का अंथरलंय?" खिडक्यांच्या चौकटींवर मी तीन दिवस घालवले होते आणि हिरवळीवर वीस मिनिटं. तयार मॉडेलांच्या लायब्ररीतलं गवत ओढलं, स्कॅटर केलं म्हणजे जमिनीवर आपोआप विखुरलं, झालं काम. आधी राग आला. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहिलं, तर खरोखरच प्लॅस्टिक होतं.

अशा वेळी नवखा माणूस आणखी महागडी मॉडेलं शोधायला धावतो. मीही धावलो. पैसे गेले, गवत तसंच राहिलं. खोट काडीत नव्हतीच, रंगात होती. पान आपल्याला वाटतं तितकं उजळ नसतं. क्लोरोफिल लाल आणि निळा प्रकाश पिऊन टाकतं, हिरवाही बराचसा शोषला जातो. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम दहावा हिस्सा परत येतो. पांढरी रंगवलेली भिंत 80 टक्क्यांच्या आसपास परत पाठवते. म्हणजे एकाच उन्हात भिंतीशेजारची हिरवळ चांगलीच गडद दिसायला हवी. एसआरजीबी या पडद्यावरच्या रंगांच्या मोजपट्टीत (ती प्रकाशाच्या सरळ प्रमाणात चालत नाही) 10 टक्के म्हणजे 255 पैकी साधारण 89. माझ्या गवताच्या मटेरियलमध्ये (पृष्ठभागाच्या रंग-पोताच्या सेटिंगमध्ये) हिरव्याचा आकडा होता 190, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश परत! तो खाली आणला, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उतरवलं, पोपटीकडून शेवाळीकडे सरकलो. मॉडेल तेच, पण घर एकदम जमिनीवर बसल्यासारखं वाटायला लागलं.

मग पोपटी रंग आणायचा कुठून? पानाच्या मागून आलेल्या उन्हातून. पानातून प्रकाश झिरपतो आणि झिरपताना पिवळसर होतो. व्ही-रे या रेंडररमध्ये (चित्र तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्यासाठी टू-साइडेड मटेरियल आहे, बाकी बहुतेक रेंडररमध्ये ट्रान्सल्युसन्सी (प्रकाश झिरपू देण्याची सोय) असते. ती लावून सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवलात तर सगळी मेहनत पाण्यात. सूर्य झाडांच्या मागे किंवा कडेला घ्या, थोडा खाली उतरवा. पानं आतून उजळतात, आणि लांब सावल्यांमुळे जमिनीचे चढउतारही दिसतात. (चढउतार दिले असतील तर! इस्त्री केल्यासारखी सपाट जमीन ही नवख्याची हमखास खूण. दोन-चार सेंटीमीटरचा नॉइज, म्हणजे अनियमित उंचसखलपणा, पुरतो.)

स्कॅटर करताना फिरवणं 0 ते 360 अंश, आकार 80 ते 120 टक्के, थोडा कल, हे सगळे करतात. पण सगळीकडे सारखंच विखुरलेलं गवत गालिच्यासारखं दिसतं. झाडझाडोरा पुंजक्यांनी वाढतो, म्हणून घनतेला एक नॉइज मॅप (अनियमित डागांचं चित्र) जोडा आणि झाडांच्या दाट सावलीत गवत विरळ करा.

माझं खरं शिक्षण झालं ते एका पायवाटेच्या कडेला बसून. फरशीवर काही पाती आडवी पडली होती. दोन फरश्यांच्या फटीत शेवाळ होतं. भिंतीलगत वीतभर पट्टा उघड्या मातीचा, त्यात अडकलेला पाचोळा. दिव्याच्या खांबाभोवती गवत मात्र घोट्याएवढं उंच, कारण तिथे कापणीयंत्राचं पातं पोचत नाही. माझ्या रेंडरमध्ये या जागी एक सरळ रेघ होती, सुरीने कापल्यासारखी. तेव्हापासून हिरवळीच्या वेळातला निम्मा वेळ मी कडांवर घालवतो. मधलं मैदान कोणी निरखून बघत नाही.

मेमरीचा धडा मला रात्री दोन वाजता मिळाला. सकाळी चित्र द्यायचं होतं आणि सीन उघडेना. प्रत्येकी 20 लाख पॉलिगॉनची (मॉडेल ज्यांनी बनतं त्या लहान सपाट तुकड्यांची) 300 झाडं मी कॉपी करून ठेवली होती, म्हणजे 60 कोटी पॉलिगॉन. इन्स्टन्स, म्हणजे एकाच मूळ झाडाकडे बोट दाखवणाऱ्या प्रती, केल्या असत्या तर झाडाची भूमिती मेमरीत एकदाच बसली असती, बाकीच्यांची फक्त जागा, दिशा आणि आकार. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट-डी (पूर्ण कॉपी) आणि ऑल्ट-डी (इन्स्टन्स) यांत हाच फरक आहे. थ्रीडीएस मॅक्समध्ये फॉरेस्ट पॅक किंवा केऑस स्कॅटर ही विखुरणारी साधनं वापरलीत तर ही काळजी तेच घेतात. आणखी एक: चौकोनी पट्टीवर ओपॅसिटी मॅप (कुठला भाग पारदर्शक ते सांगणारं चित्र) लावलेली पानं हलकी वाटतात, पण रेंडररच्या प्रत्येक प्रकाशकिरणाला त्या पारदर्शक भागांशी थांबून तपासणी करावी लागते. पानाच्या आकाराला जवळून कापलेली जाळी पॉलिगॉन वाढवते, तरी रेंडर बहुधा लवकर होतो.

झाड निवडताना इमारत कुठल्या हवामानात उभी राहणार आहे, ते आधी विचारा. समुद्रकाठच्या उष्ण प्रदेशातल्या घरामागे मी एकदा बर्फाळ डोंगरातली सूचिपर्णी झाडं लावली होती, दिसायला सुंदर होती म्हणून. लँडस्केप आर्किटेक्टने चित्र पाहिलं आणि इमारतीबद्दल एक शब्दही न बोलता झाडांकडे बोट दाखवलं.

आणि डिनॉइझर, म्हणजे रेंडरमधले दाणेदार ठिपके पुसणारं साधन. भिंतींवर तो जादू करतो, गवत मात्र शेणाने सारवल्यासारखं करून टाकतो. मी तो निम्म्या जोरावर ठेवतो आणि कॅमेऱ्याजवळचा गवताचा पट्टा जास्त सॅम्पल (चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी सोडलेले किरण) देऊन वेगळा रेंडर करून वर बसवतो. तासभर जास्त जातो, पण प्लॅस्टिकचा शेरा पुन्हा आलेला नाही.